स्फटिक काही शोषून घेत नाही

स्फटिकाची माळ विकणाऱ्यांचं एक ठरलेलं निरूपण असतं. हा दगड घरातली नकारात्मक ऊर्जा ओढून घेतो, म्हणून महिन्यातून एकदा मिठाच्या पाण्यात बुडवून तो 'शुद्ध' करायचा. मग पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून 'चार्ज' करायचा. पाण्याच्या बाटलीत खडे टाकून ते पाणी प्यायचं. रक्तदाब असेल तर माळ गळ्यात घालायची, पित्त असेल तर खडा पोटावर ठेवायचा. कुणी शंका काढलीच तर त्याच्या मनगटाकडे बोट दाखवून विचारायचं, "क्वार्ट्झवर घड्याळ चालतं ना? मग यात ऊर्जा नाही असं कसं म्हणता?"

याच्या अगदी उलट दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, ही शेताच्या बांधावर पडलेली गारगोटी, तिला रत्न म्हणणं हीच मुळात फसवणूक. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिल्याला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे, कारण त्याच्या नादी लागून लोक पैसे घालवतात आणि काही जण औषधंही सोडतात.

घड्याळाचा दाखला सर्वांत शास्त्रीय वाटतो, म्हणून तोच आधी घेऊ. क्वार्ट्झवर, म्हणजे स्फटिकावरच, दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. उलटही घडतं: बाहेरून वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. घड्याळात नादकाट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा इवलासा तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. घड्याळातलं मंडल ही संख्या पंधरा वेळा निम्मी करतं आणि सेकंदाला एक ठोका मिळतो. पण ही थरथर चालते सेलच्या जोरावर. सेल संपला की स्फटिक जागच्या जागी असूनही घड्याळ बंद पडतं. तो ऊर्जा पुरवत असता तर सेल बदलायची वेळच आली नसती. स्फटिक ताल धरतो, एवढंच, आणि तेही त्याला नेमक्या दिशेनं कापून दोन बाजूंना विजेची जोडणी केल्यावर. हा तुकडाही सहसा खाणीतला नसतो, कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली वाढवलेला असतो. गळ्यातला मणी बोटांनी दाबला तर त्यावरही नाममात्र भार उमटेल, पण घामट त्वचेवरून तो तिथल्या तिथे निघून जाईल. त्यानं रक्तदाब उतरायचं काही कारण नाही.

आता शोषण्याची गोष्ट. स्फटिक म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची घट्ट विणलेली जाळी. नेहमीच्या तापमानाला पाणी, मीठ, साबण, लिंबू यांपैकी कशाचाही त्याच्यावर दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. त्याला चटकन खाणारं आम्ल हायड्रोफ्लोरिक, ते घरात नसतंच. म्हणून बाटलीत टाकलेला स्वच्छ खडा पाण्याला काही देत नाही आणि पाण्यातलं काही घेतही नाही.

हा झाला रसायनशास्त्राचा पुरावा. मला त्याहून बोचतं ते असं की हा दावा परंपरेच्या नावानं केला जातो आणि तो परंपरेच्या थेट विरुद्ध आहे. आपल्या दर्शनांत स्फटिकाचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो आणि फूल बाजूला केलं की तो होता तसाच स्वच्छ. तांबडेपणा त्याच्यात शिरलेलाच नसतो. आत्मा सुखदुःखांनी रंगल्यासारखा भासतो, पण रंगत नाही, हे सांख्य आणि वेदान्ती याच दाखल्यानं समजावत आले. पतंजलीही योगसूत्रांत, ज्याच्या वृत्ती क्षीण झाल्या आहेत अशा चित्तासाठी निर्मळ मण्याचीच उपमा वापरतात. जो काही धरून ठेवत नाही असा दगड म्हणून आपल्या पूर्वजांनी स्फटिक निवडला. त्याच दगडाला घरभरच्या किल्मिषांचा बोळा करून ठेवणं आणि वर त्याला सनातन ज्ञान म्हणणं, हे मला सहन होत नाही. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी तरी हा दृष्टान्त एकदा समजून घ्यावा.

विक्रेत्यांची एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मान्य करायला हवी. स्फटिक हाताला गार लागतो आणि काचेपेक्षा जास्त गार लागतो. काचेच्या कितीतरी पट वेगानं तो उष्णता वाहून नेतो, म्हणून त्वचेची ऊब झटकन घेतो. पण थोड्या वेळानं मणी अंगाइतकाच कोमट होतो आणि ओढणं तिथंच थांबतं. या गारव्याचा खरा उपयोग पारख करण्यासाठी आहे. माळ सावलीत पडलेली असताना एक मणी गालाला लावून पाहावा. काच चटकन ऊब धरते, स्फटिक जरा उशिरा. मग जवाहिऱ्याचं भिंग घ्यावं. काचेत गोल बुडबुडे सापडतात. खाणीतल्या स्फटिकात पिसासारखे पांढुरके पडदे किंवा बारीक सुयांसारखं काही दिसतं. अगदीच निष्कलंक मणी स्वस्तात मिळत असेल तर जपून. मोठा गोळा असेल तर तो केसावर ठेवून फिरवत फिरवत पाहावा. काही दिशांनी केस दुहेरी दिसतो. स्फटिकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो, काचेत तसं होत नाही, म्हणून ही खूण काचेच्या गोळ्याला साधत नाही.

आता गारगोटीवाल्यांकडे वळू. होय, स्फटिक आणि गारगोटी एकाच कुळातले. पण त्यात कमीपणा कसला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका भिंतींवर साचत गेली. जळगाव, जालना, नाशिक या भागांतल्या दगडखाणींत काळा पाषाण फोडताना अशी पोकळी उघडते, तेव्हा आत सहा पैलूंची टोकं दाटीनं उभी दिसतात. त्यांना कुणी पैलू पाडलेले नसतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी स्फटिकाला गोठून दगड झालेलं बर्फ समजत होता, हे त्याचं चुकलं. पण भारतातल्या स्फटिकाइतकी पसंती दुसऱ्या कुठल्याच स्फटिकाला नाही, ही त्यानं करून ठेवलेली नोंद आपल्या स्फटिकाची पावती आहे. आणि माणसाचे हात? १८९८ साली पिप्रहवा इथल्या स्तूपात जी अवशेषपात्रं निघाली, त्यांत स्फटिकाचं एक पात्र आहे. त्याच्या झाकणाची मूठ माशाच्या आकाराची. स्फटिकाचं काठिण्य मोहसच्या मापावर ७, म्हणजे पोलादी सुरीचा त्याच्यावर ओरखडा उठत नाही. त्याला सरळ चीर जाणारी पातळी नाही. फुटला तर शिंपल्यासारख्या वळणानं फुटतो. अशा दगडाचं पोट आतून कोरत न्यायचं आणि वर मासा घडवायचा, हे काम ज्यानं केलं त्याच्या हाती विजेवर चालणारं एकही यंत्र नव्हतं. रत्न ठरायला दुर्मीळपणाच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या माशाचं छायाचित्र तरी पाहावं.

जपाला स्फटिकाची माळ मला आवडते, ती वजनदार, गुळगुळीत आणि गार असते म्हणून. एकेक मणी सरकताना बोटांना कळतो, मन भरकटलं तर परत येतं. एवढं पुरेसं आहे.

निगेचं म्हणाल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, बस. मिठाच्या पाण्यानं दगडाला काही होत नाही, पण चांदीची तार काळवंडते आणि भोकांत साचलेलं मीठ दोऱ्याला नडतं. दोरा तसाही भोकाच्या कडांवर झिजतो, म्हणून मण्यांमध्ये गाठी मारून माळ वेळेवर पुन्हा गाठवून घ्यावी. मोती आणि पोवळी हिच्याबरोबर एका डबीत ठेवू नयेत, त्यांच्यावर चरे पडतात. पुष्कराज, माणिक, नीलम आणि हिरा स्फटिकालाच ओरखडतात. एकदम तापवलं तर स्फटिक तडकतो, तेव्हा अंगठीला डाग लावायचा असेल तर खडा आधी काढायला सांगावं. गोळा उन्हात 'चार्ज' करायला ठेवणं तर धोक्याचं आहे. त्यातून जाणारं ऊन गोळ्याच्या पाठीमागे अगदी जवळ एकवटतं, आणि तिथं कापड किंवा कागद असला तर पेटू शकतो. गुलाबी स्फटिक आणि जांभळा ॲमेथिस्ट यांचा रंग उन्हात उडू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

राहिला आरोग्याचा मुद्दा, आणि इथं माझा राग मी लपवत नाही. रोग बरा करतो म्हणून ताईत किंवा कवच यांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, रक्तदाब आणि मधुमेह त्या कायद्याच्या यादीत आहेत. तरी जाहिराती सर्रास चालू असतात. आणि जे हात हे मणी घडवतात त्यांच्या आरोग्याबद्दल या जाहिरातींत एक अक्षर नसतं. गुजरातमध्ये खंबायतला अकीक आणि स्फटिकाच्या जातीचे दगड पिढ्यान्‌पिढ्या घासले जातात. घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथं व्रण धरतात आणि माणसाला श्वास पुरेनासा होतो. हा सिलिकोसिस. गेलेलं फुप्फुस कुठल्याही औषधानं परत येत नाही. तिथल्या कारागिरांमधला हा रोग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं अभ्यासून नोंदवलेला आहे. कामाच्या जागी श्वासावाटे जाणारी ही धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली जाहीर केलं. धूळ आवरता येते: दगड ओला ठेवून घासायचा आणि चाकाजवळच ती ओढून घेणारा पंखा बसवायचा. त्याला खर्च येतो, आणि स्वस्त माळेच्या किमतीत तो धरलेला नसतो.

म्हणून माळ घेताना दोन गोष्टी विचारा. पावतीवर 'नैसर्गिक स्फटिक' असं लिहून देणार का? आणि हे मणी कुठे, कोणत्या कारखान्यात घासले, तिथं पाणी आणि पंखा आहे का? पहिल्याचं उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊच नका. दुसऱ्याचं उत्तर आज बहुतेक दुकानदारांकडे नसेल. तरीही विचारा, दर वेळी विचारा. गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारील आणि व्यापारी कारखानदाराला.