पदर लोण्याचे असू द्या

दिवाळी आटोपून नाताळ यायचा असतो, त्या दिवसांत वर्ध्याच्या बाजाराला वेगळीच श्रीमंती येते. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या तालुक्यांतला आंबिया बहाराचा संत्रा उतरू लागतो. हातगाड्यांवर पेरू दिसतो. पावसाळ्याच्या चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांचे दूध वाढलेले असते. सेवाग्रामच्या रस्त्यांवर पहाटे स्वेटर निघतात. याच दिवसांत शहरातल्या बेकऱ्यांत आणि अनेक घरांतल्या ओव्हनमध्ये एक नवा सणाचा पदार्थ रुळू लागला आहे : पफ पेस्ट्रीचे छोटे चौकोन, त्यांत फळाचा घट्ट जॅम आणि चीज, पाहुण्यांपुढे जेवणाआधी ठेवायला. हा परका पदार्थ सेवाग्रामच्या परिसरात शोभत नाही, असे म्हणणारे बरेच भेटतील. मला तो इथे शोभतो असे वाटते, पण एका अटीवर. त्याचे पदर लोण्याचे असले पाहिजेत आणि ते लोणी याच भागातल्या दुधाचे असले पाहिजे. ही अट पाळली तर वर्धा जिल्ह्याच्या शेतीला या पदार्थाचा उपयोग होईल. पाळायची नसेल तर सणासाठी तो करण्यात फारसा अर्थ नाही.

आधी पदार्थाची घडण पाहू. मैद्याच्या घट्ट कणकेत थंड लोण्याची वडी गुंडाळायची, लाटायची, तीन घड्या घालायच्या, थंड करून पुन्हा लाटायची. असे सहा वेळा केले की हिशेबाने लोण्याचे 729 पदर होतात. साधारण 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत कणकेतल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, पदर एकमेकांपासून सुटतात आणि चौकोन फुगतो. महाराष्ट्राला यात नवे काहीच नाही. चहात बुडवायची खारी याच तंत्राची, बेकरीतला पॅटिसही याच तंत्राचा. आपल्या घरचे चिरोटे तर त्याहून जवळचे : तुपात फेसलेल्या तांदळाच्या पिठाचा साटा, पोळ्यांवर पोळ्या, गुंडाळी, काप आणि तळण. फरक स्निग्धाचा आहे. तुपात पाणी जवळजवळ नसते, म्हणून चिरोट्याचे पदर तळताना सुटवावे लागतात. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, ते पेस्ट्रीला आतून उचलते. म्हणजे या पदार्थात लोणी चवीपुरते वरून पडत नाही. पदार्थाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो, आणि म्हणूनच लोण्याच्या जागी दुसरे काही घातले की पदार्थच बदलतो.

बहुतेक ठिकाणी ते दुसरेच काही घातले जाते. मार्गारिन किंवा बेकरी शॉर्टनिंग हे बेकरी धंद्याचे रोजचे स्निग्ध आहे, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ते लोण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात पाघळत नाही. मात्र जे स्निग्ध उन्हाळ्यात टेबलावर पाघळत नाही, ते तोंडातही नीट पाघळत नाही. खारी खाल्ल्यावर टाळूला जो चिकट थर राहतो, तो त्याचाच. आपल्याकडे या स्निग्धाचा पूर्वज वनस्पती तूप. डालडा बाजारात आला 1937 मध्ये, गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले त्याच्या पुढच्या वर्षी. वनस्पतीची तुपात होणारी भेसळ हा त्यांच्या दृष्टीने आरोग्याइतकाच प्रामाणिकपणाचा प्रश्न होता, आणि चाळीसच्या दशकात त्यांनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. हायड्रोजन मुरवलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटवर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रत्यक्ष आळा घातला तो फार उशिरा : जानेवारी 2021 पासून तेल-तुपातली मर्यादा 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के. या नियमाचे स्वागतच आहे. पण त्यानंतर शॉर्टनिंगची जागा लोण्याने घेतली नाही. पामतेलावर आधारलेली नवी मिश्रणे आली, आणि ते पामतेल बव्हंशी परदेशातून येते. दिवाळीत विदर्भातल्या घरी आलेल्या खारीच्या डब्याचे पैसे कुठे जातात, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

आता लोण्याचा हिशेब मांडू. गाईच्या दुधात 4 टक्क्यांच्या आसपास स्निग्ध धरले, तर एक किलो लोण्याला साधारण 20 लिटर दूध लागते. पाव किलो मैद्याच्या पेस्ट्रीला 200 ग्रॅम लोणी लागते, म्हणजे 4 लिटर दुधावरची साय. साय काढून उरलेले दूध वाया जात नाही. त्यात लिटरभर सायीचे दूध मिसळून लिंबाने फाडले की सारणापुरता छेना मिळतो, किंवा विरजून टांगले की चक्का. एका ट्रेमध्ये तीसेक छोटे चौकोन बसतात. या तीस चौकोनांत पाच लिटर दूध जवळजवळ पूर्णपणे वापरले जाते : स्निग्ध पदरांत, बाकीचे सारणात. मार्गारिन आणि विकतचे प्रोसेस्ड चीज घालून तोच ट्रे केला, तर जिल्ह्यातल्या गोठ्यातले एक थेंबही दूध लागत नाही. दिसायला दोन्ही ट्रे सारखेच. वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर एक गिऱ्हाईक आहे आणि दुसरे नाही.

हा हिशेब इथे विशेष महत्त्वाचा ठरतो, तो या जिल्ह्याच्या गाईमुळे. गवळाऊ ही वर्धा-नागपूर पट्ट्याची स्वतःची जात. पांढरी, उंच, चपळ, मुख्यतः बैलांसाठी जोपासलेली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्र आहे. पण एका वेतातले तिचे सरासरी दूध सहाशे किलोंच्या आसपास. संकरित गाईशी दुधाच्या लिटरवर स्पर्धा लावली तर ती पहिल्या दिवशीच हरते, आणि गेली कित्येक वर्षे ती हरतच आली आहे. जे दूध थोडे आहे ते पिशवीतल्या दुधाच्या भावाने विकून जात टिकणार नाही. त्याचे असे काहीतरी व्हायला हवे, ज्यासाठी माणूस आनंदाने जास्त पैसे मोजेल. वर्ध्याने हे एकदा करून दाखवले आहे. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात, 1941 मध्ये, गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि 11 फेब्रुवारी 1942 ला ते गेले. त्या गोसेवेच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराचा गोरस पाक आज वर्ध्याची ओळख आहे. गाईच्या तुपात मळून भट्टीत भाजलेला हा पदार्थ बाहेरगावचे पाहुणे डबे भरून नेतात. बेकरीची भट्टी आणि गाईचे तूप यांची सोयरीक या गावाने केव्हाच लावून दिली आहे. पफ पेस्ट्री हे त्याच घरातले पुढचे कार्य होऊ शकते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सेवाग्राम आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद आहे. जिथे बिनमसाल्याची उकडलेली भाजी खाल्ली गेली, त्या गावाच्या नावाने लोण्याने माखलेल्या चौकोनांची भलामण करणे योग्य आहे का? अस्वाद हे आश्रमवासीयांनी स्वेच्छेने घेतलेले व्रत होते. गावाने, जिल्ह्याने सणवार सोडावेत असा त्याचा अर्थ कधीच नव्हता, आणि ते व्रत कोणाला पाळायचे असेल तर त्याने हा पदार्थ जरूर टाळावा. पण सेवाग्राम-वर्ध्याने अन्नाबद्दल आणखी एक शिकवण दिली, तिच्याकडे आपण कमी पाहतो. डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालत असे. जे. सी. कुमारप्पांनी तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, जात्यावरचे पीठ, गूळ यांचा जो आग्रह धरला, त्यामागे दोन प्रश्न होते : हे खाऊन शरीराला काय मिळते, आणि याचा पैसा कोणाच्या हाती पडतो. भट्टीच्या पदार्थांचे गांधीजींना वावडे नव्हते. जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी हातचक्की विकत आणली होती, घरीच पीठ दळले जाई आणि निसर्गोपचारक कुन्हेच्या पद्धतीने यीस्टशिवाय पाव भाजला जाई. मगनवाडीच्या त्या दोन प्रश्नांना लोण्याची पेस्ट्री पूर्ण गुणांनी उतरत नाही हे मी मान्य करते. मैदा हा मैदाच आहे. म्हणून त्याचा तिसरा हिस्सा गव्हाच्या चाळलेल्या पिठाने बदलावा. पदर थोडे कमी फुगतात, चव वाढते. पण पैसा कोणाच्या हाती पडतो, या दुसऱ्या प्रश्नावर ती मार्गारिनच्या खारीपेक्षा निःसंशय वरचढ आहे.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप असेल तो लोण्यातल्या संपृक्त स्निग्धाचा. तो बरोबरच आहे. लोणी औषध नाही. 200 ग्रॅम लोण्याचे तीस चौकोन म्हणजे एकात जेमतेम सात ग्रॅम, आणि जेवणाआधी दोनच खावेत असाच हा पदार्थ आहे. हृदयविकार असलेल्याने तेही टाळावेत. फक्त त्यांच्या जागी पामतेलाची खारी पुढे करून आरोग्य सांभाळले असे कोणी समजू नये.

फळाची निवड मात्र सवडीने बोलण्यासारखी आहे, कारण इथे उत्साहाने फसगत होते. पहिले मनात येते ते संत्रे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आपल्या दारचे फळ आहे आणि त्याच्या मातीत वर्धा जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. पण ते सोलून खाण्याचे फळ आहे, आटवण्याचे नाही. त्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत असे द्रव्य असते की रस काढून ठेवला किंवा तापवला की थोड्या वेळाने कडवटपणा चढतो. प्रक्रिया उद्योगाला या फळाने वर्षानुवर्षे छळले आहे ते यामुळेच. सीताफळही याच हंगामातले, आणि तापवल्यावर तेही कडू होते. शिवाय दोन्ही रसाळ, म्हणजे खालचा पदर ओला आणि कच्चा राहणार. या कामाचे खरे फळ पेरू. तो आटवला की वडी पडेल इतका घट्ट होतो, पाणी सोडत नाही, आणि त्याचा उग्र गोडवा आंबूस चक्क्याशी किंवा खारट चीजशी उत्तम जुळतो. गोव्यात नाताळच्या फराळात पेरूची पेराद असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. क्युबात पेरूची वडी आणि चीज घातलेली पफ पेस्ट्री रस्तोरस्ती मिळते. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि चीज या जोडीला प्रेमाने रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. मूळ अमेरिकेचे हे फळ पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले आणि आपलेच झाले. तेव्हा सारण असे : पेराद, तिच्यावर मीठ घातलेला छेना आणि चक्का निम्मे-निम्मे, आणि संत्र्याची फक्त वरची केशरी साल, बारीक किसून. सालीखालचा पांढरा भाग घेऊ नये, तो कडवट असतो. संत्र्याचा सगळा सुगंध त्या केशरी सालीत असतो आणि तो भट्टीत टिकतो.

हवामानाचा आक्षेप वर्ध्यात कोणीही घेईल. 45 अंशांच्या गावात लोण्याच्या घड्या कशा घालणार? मे महिन्यात घालूच नयेत. हा पदार्थ बारमाही करण्याचा हट्ट धरला की मार्गारिनचा मोह आवरत नाही, म्हणून तो नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच ठेवावा. लोणी 32 ते 35 अंशांना वितळते. डिसेंबरच्या पहाटे इथले स्वयंपाकघर त्याच्या निम्म्यावर असते. एक अडचण मात्र खरी आहे. गाईचे लोणी म्हशीच्या लोण्यापेक्षा मऊ असते, घडी घालताना लवकर ढिले पडते. त्यामुळे ज्यांचा हात नवा आहे त्यांनी पहिल्या वर्षी म्हशीचे लोणी निम्मे मिसळावे, दर घडीनंतर कणीक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, आणि लोणी बिनमिठाचे घ्यावे.

राहिला प्रश्न किमतीचा. लोण्याचा चौकोन मार्गारिनच्या चौकोनाहून महाग पडणारच. तो फरक हा भुर्दंड आहे असे मात्र मी मानत नाही, कारण तोच दूधवाल्याचा वाटा आहे. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वर्धाही होता, आणि जोडधंदा म्हणून दुभती जनावरे देण्याची तरतूद त्या पॅकेजात होती. कोरडवाहू घरात चारा-पाण्याविना आणि दुधाला पक्के गिऱ्हाईक नसताना आलेले जनावर ओझे झाल्याच्या कहाण्या त्या काळी वर्तमानपत्रांनी मांडल्या होत्या. जनावर देणे सोपे असते, दूध घेणारा उभा करणे अवघड. 2016 पासून विदर्भ-मराठवाड्यात दुग्धविकासाचा नवा प्रकल्प चालू झाला, संकलन वाढले, ही चांगली गोष्ट आहे. पण संकलन केंद्राचा भाव हा देशभरच्या दुधाचा भाव असतो, गवळाऊच्या सहाशे किलोंना तो पुरत नाही. तिथे स्थानिक बेकरी, बचत गट आणि सणाची खरेदी करणारे घर यांनीच पुढे यायला हवे.

त्यासाठी मागणी कशी करायची, हे शेवटी सांगते. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. ‘बटर’ हा शब्द नावात आहे की यादीत आहे, आणि यादीत कितव्या जागी आहे, हे पाहावे. सुटा माल असेल तर बेकरीवाल्याला सरळ विचारावे, आणि आठवडाभर आधी आगाऊ पैसे देऊन लोण्याच्या पेस्ट्रीची वेगळी ऑर्डर नोंदवावी. त्याला मार्गारिनच वापरायचे असते असे नाही. लोण्याच्या मालाला उठाव नाही, अशी त्याची समजूत असते. दहा घरांनी मिळून तीनशे चौकोन सांगितले, तर त्याला दोन किलो लोणी लागेल आणि सारणासह पन्नास लिटर दूध. एवढे दूध एका दिवशी, ठरलेल्या भावाने, आर्वीच्या किंवा कारंज्याच्या एखाद्या गवळ्याकडून उचलणे कोणत्याही बेकरीला जमण्यासारखे आहे. आंबिया बहार बाजारात आहे तोवर, म्हणजे नाताळच्या आत, ही नोंदणी व्हायला हवी.