भूमिगत धन आणि तिसरे अणुव्रत

पहिल्या जोरदार पावसाने नांगरलेल्या शेतातील माती धुऊन निघाली की भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीस कधीकधी एखादा हिरवट, चेपटा तांब्याचा तुकडा पडतो. चिंचेने घासून पाहावा, तर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे उमटतात. ती शिवराई. पुणे-सातारा महामार्गालगतच्या कामथडीपासून राजगड आणि तोरणा फार दूर नाहीत. तोरण्याची डागडुजी करताना शिवाजी महाराजांना पुरलेले द्रव्य सापडले आणि ते राजगडाच्या उभारणीस लागले, ही परंपरेने चालत आलेली हकिकत या भागातील मुलेही सांगतात. या हकिकतीचा पूर्वार्ध, म्हणजे धन सापडल्याचा, लोकांच्या मनात पक्का बसतो. ते कशासाठी खर्च झाले, हा उत्तरार्ध मात्र बहुधा विसरला जातो.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः इंग्लंडच्या खेड्यांत, जमिनीतील अशा वस्तू शोधणे हा हजारो लोकांचा सुटीच्या दिवसाचा छंद आहे. कानाला श्रवणयंत्र लावून, हातातील दांड्याच्या टोकाची चकती जमिनीवरून फिरवीत निवृत्त कामगार, शिक्षक, वाहनचालक कापणी झालेल्या शेतांतून तासन्‌तास हिंडतात. चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मातीतील धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र ते ओळखून आवाज करते. हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. एकटे नाणे बहुधा वीतभर खोलीपर्यंतच कळते. सह्याद्रीच्या बसाल्टी मातीत लोहयुक्त खनिजे असल्याने तेथे तर ते विनाकारणही वाजत राहते. छंदिष्टांच्या वाट्याला बहुतेक वेळा खिळे, बाटल्यांची झाकणे आणि तुटके बक्कलच येतात.

तरीही क्वचित एखादा दिवस वेगळा उगवतो. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यात हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधण्यासाठी त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातील सोन्याचांदीची नाणी लागली. अधिक न खणता त्याने ही गोष्ट कळविली. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी संपूर्ण पेटीचा ठाव मातीसकट उचलला. त्यातून सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. शोधणाऱ्याला १७ लाख ५० हजार पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्याने ते त्या शेतकऱ्याशी वाटून घेतले. हरवलेली हातोडीही सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये त्या निधीबरोबर जतन केलेली आहे. याच्या उलट, २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातील निधी सापडला, परंतु त्यांनी तो दडवून गुपचूप विकावयास काढला. २०१९ मध्ये दोघांनाही दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. सुमारे ३०० नाण्यांपैकी तोवर अवघी ३१ हाती आली होती.

आता दृष्टी स्वदेशाकडे वळवावी. २०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूरजवळील असीरगड किल्ल्याच्या पायथ्याशी रात्री विजेऱ्यांच्या उजेडात शेते खणणाऱ्या लोकांच्या झुंडी वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिल्या. एका चित्रपटात बऱ्हाणपूरचा उल्लेख आला, रस्त्याच्या कामातील मातीत सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली आणि दुसऱ्याच्या शेतात कुदळी चालू लागल्या. त्याआधी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुणे जिल्ह्यातच चिखली येथे बांधकामाच्या मातीतून निघालेली २१६ सुवर्णनाणी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ताब्यात घेतली. अठराव्या शतकातील या नाण्यांचे एकत्रित वजन २,३५७ ग्रॅम भरले. म्हणजे प्रत्येक नाणे सरासरी जवळजवळ अकरा ग्रॅमचे, मोगली मोहोरेच्या नेमक्या वजनाचे. ती ज्यांना सापडली त्यांनी खबर दिली नव्हती.

खबर का दिली जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा लोभापेक्षा अज्ञान हे असते. ‘सरकारला सांगितले की सगळे गेले’ अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम असे म्हणत नाही. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही वस्तूत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्यासाठी जामीन द्यावा लागतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांसाठी त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या आतील दिवस नेमतात. निधीला कोणी मालक नाही असे ठरले, जमिनीच्या मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. निधी सरकारने ठेवून घ्यावयाचा ठरविल्यास धातूच्या मूल्यावर त्याचा एक पंचमांश अधिक द्यावा लागतो.

आकड्यांत मांडल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, कामथडीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीत मजुराला पाच लाख रुपयांच्या धातूचा हंडा लागला आणि सरकारने तो घेतला. मोबदला सहा लाखांचा होईल. त्यातील साडेचार लाख मजुराचे आणि दीड लाख शेतकऱ्याचे. तोच हंडा लपवून विकला, तर विकत घेणारा धोक्याचा भाव लावून मोडीच्या दराहूनही कमी देणार. प्रकरण उघड झाले की शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, भोगावे लागतात. निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीनेही लपवणूक हा तोट्याचाच व्यवहार आहे.

‘जमिनीला जोडलेली वस्तू’ हे शब्द व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावेत, कारण जुन्या वाड्याची भिंतही त्यात येते. पेठेतील वडिलोपार्जित वाडा पुनर्बांधणीसाठी पाडताना कोनाड्यामागून गाडगे निघणे अशक्य नाही. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने ते ठेवले होते, असा हक्क सांगून दिवाणी न्यायालयात तो सिद्ध करण्याचा मार्ग कायद्यात खुला आहे. अशा वेळी आजोबांची रोजकीर्द आणि खतावणी हाच मोठा पुरावा ठरू शकतो. जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी म्हणूनच दोनदा विचार करावा. यांखेरीज १९७२ च्या पुरावशेष अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि मूर्ती या पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत.

परंतु कायद्याच्याही आधी एक प्रश्न आहे आणि तो शेतकऱ्यापेक्षा सराफाच्या पेढीवर अधिक उभा राहतो. मजुराला सापडलेले नाणे मजुराच्या घरी राहत नाही. ते फडक्यात बांधून बाजारात येते. पेढीवर बसलेला गृहस्थ ते कसोटीवर घासतो, तोलतो आणि त्या एका क्षणी ठरते की ते नाणे नाणेच राहणार की मुशीत जाणार. एकदा आटणी झाली की सोने उरते आणि इतिहास संपतो.

त्या क्षणासाठी जैन शास्त्रकारांनी फार पूर्वीच सावध केले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अचौर्याणुव्रताचे लक्षण सांगताना केवळ हिसकावून घेतलेले धन वर्ज्य मानलेले नाही. कोणी ठेवलेले, कोणाचे पडलेले, कोणी विसरलेले परद्रव्यही स्वतः घेऊ नये व उचलून दुसऱ्याला देऊ नये, असा त्याचा आशय आहे. पुरलेला हंडा याहून वेगळा तो काय असतो? तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते तर पेढीवरच्या व्यवहाराकडे पाहूनच लिहिल्यासारखे वाटतात. चोराला प्रेरणा देणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, तोलमापात कमीअधिक करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल चालविणे, असे ते पाच दोष आहेत. ‘आणखी असेल तर घेऊन ये’ असे मजुराला सांगणारा पहिला अतिचार करतो. पावती न विचारता घेणारा दुसरा, खबर न देणारा तिसरा, अडल्या माणसाला कमी तोलून देणारा चौथा. आणि नव्या ओतीव शिवराया मातीत मुरवून हौशी संग्राहकांच्या गळ्यात बांधणारे पाचव्यात मोडतात. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना होते. ती करताना दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर आणावा, एवढेच मागणे आहे.

मुशीतून वाचलेल्या वस्तूंनी काय दिले, हेही पाहावे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपान या क्षत्रप राजाची होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळविलेल्या विजयाचा याहून बोलका पुरावा दुसरा नाही. चांदीच्या भावाने ती विकली गेली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पानच हरवले असते. विदर्भात राजनापूर खिनखिनी येथे जमिनीतून निघालेल्या जैन धातुप्रतिमा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात पोहोचल्या. बडोद्याजवळील अकोटा येथे १९५१ मध्ये सापडलेल्या ६८ जैन प्रतिमा आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांतील जीवंतस्वामींच्या एका प्रतिमेवर ती अर्पण करणाऱ्या श्राविकेचे नाव कोरलेले आहे, नागीश्वरी. सहाव्या शतकाच्या सुमारास कोणा एका गृहिणीने श्रद्धेने दिलेले हे दान. तिचे गाव, तिचे घराणे काळाने पुसले. नाव तेवढे धातूवर राहिले. त्या प्रतिमेचे पितळेच्या भावाने तुकडे झाले असते, तर हेही नाव गेले असते.

पुढच्या पावसात कामथडीच्या एखाद्या शेतात पुन्हा काही तरी चमकेल आणि शेतकरी ते घेऊन ओळखीच्या सराफाकडेच येईल, कारण त्याचा विश्वास तेथेच आहे. तेव्हा पेढीवरील गृहस्थाने त्याला चहा द्यावा, नाणे घासू नये, आटवू नये, मोलही करू नये. सापडल्याचे ठिकाण आणि तारीख कागदावर लिहून द्यावी, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तयार करून द्यावा आणि भोरच्या तहसील कार्यालयापर्यंत त्याच्या सोबत जावे. त्या दिवशी पेढीवर कोणतीही उलाढाल होणार नाही. मात्र त्या शेतकऱ्याला त्याचा वाटा मिळाल्यावर सोने घ्यावयाचे झाले, तर तो कोणाच्या दुकानाची पायरी चढेल, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको.