सोबती की सालगडी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांविषयी आपल्या महाविद्यालयात दोनच मते ऐकू येतात. प्राध्यापकांच्या मते हा वेळेचा अपव्यय आणि डोळ्यांचा नाश; विद्यार्थ्यांच्या मते हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. खेळात नेमके काय असते, याकडे दोघेही बघत नाहीत. नाटके वाईट असतात असे कोणी म्हटले तर आपण निदान 'कोणते नाटक?' असे विचारतो, त्यातली पात्रे कशी आहेत ते पाहतो. तोच न्याय लावून या खेळांतल्या एकाच पात्राचा विचार मी येथे करणार आहे. ते पात्र म्हणजे नायकाचा सोबती.

'अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग' नावाचा खेळाचा एक प्रकार आहे. त्यात खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो. तलवार कधी उगारायची, ढाल कधी पुढे करायची, हे सारे त्याच्या बोटांवर असते. लढता लढता त्या वीराचे बळ आणि कसब वाढत जाते. या वाटचालीत त्याच्याबरोबर आणखी एकदोन पात्रे चालतात. त्यांना दुसरा माणूस खेळवत नाही, संगणक खेळवतो. त्यांना नाव असते, चेहरा असतो, आवाज असतो, बहुधा एखादा दुःखद पूर्वेतिहासही असतो. खेळाची भाषा त्यांना 'कम्पॅनियन' म्हणजे सोबती म्हणते. माझे म्हणणे असे की, हा शब्द बहुतेक ठिकाणी खोटा आहे. आपल्या विदर्भात त्याहून नेमका शब्द आहे : सालगडी.

प्रथम हा सोबती चालतो कसा, ते पाहू. त्याला दोन गोष्टी याव्या लागतात. एक, आपल्या मागोमाग येणे. दुसरी, प्रसंगी काय करायचे ते ठरवणे. मागोमाग येणे वाटते तितके सोपे नाही. मध्ये भिंत असेल, ओढा असेल, तर वळसा कुठून घ्यायचा? यासाठी 'ए-स्टार' नावाची रीत किंवा तिचे एखादे भावंड वापरतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी ती १९६८ मध्ये मांडली. प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंत चाललेले अंतर आणि पुढे उरलेल्या अंतराचा अंदाज यांची बेरीज करायची, आणि सर्वांत कमी बेरीज येईल ती वाट आधी चाचपायची, असे तिचे साधे तत्त्व आहे. ठरवण्याचे काम पुष्कळदा 'जर-तर'च्या उतरंडीने होते. 'फायनल फँटसी १२' (२००६) या जपानी खेळात तर ही उतरंड खेळणाऱ्याच्याच हाती दिली होती. जर गड्याची प्रकृती निम्म्याच्या खाली गेली तर औषध दे. तसे नसेल तर धन्यावर चालून येणाऱ्या शत्रूला मार. तेही नसेल तर जवळचा शत्रू गाठ. वरचा नियम आधी, खालचा नंतर. एकदा नियम लावून दिले की सोबती आपोआप लढतो.

ही कारागिरी कौतुकास्पद आहे, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप पुढे आहे. हे सगळे नियम खेळणाऱ्याच्या सोयीसाठी बांधलेले असतात, आणि त्या सोयीसाठी सोबत्याचे सोबतीपणच काढून घेतले जाते.

उदाहरण म्हणून जवळच्याच प्रकारातले दोन गाजलेले खेळ घेऊ. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या खेळात एली नावाची मुलगी नायकाबरोबर असते. नायक शत्रूपासून लपतछपत पुढे सरकत असताना ही मुलगी शत्रूच्या अगदी समोरून गेली तरी त्याला दिसत नाही. कारण सरळ आहे. तिच्या चुकीने आपण पकडले गेलो तर खेळणारा चिडेल. त्याच वर्षीच्या 'बायोशॉक इन्फिनिट'मधल्या एलिझाबेथवर शत्रू हल्लाच करत नाहीत. ती मात्र गोळ्या आणि औषधे शोधून नायकाकडे फेकत राहते. म्हणजे सोबतीण आपल्याबरोबर आहे, पण संकटात नाही. ज्याला आपल्यासाठी काही गमवावेच लागत नाही, त्याच्या सोबतीचे मोल काय करायचे?

आणि ज्या खेळांत सोबती संकटात असतो, तिथे त्याचा दर ठरलेला असतो. 'डायब्लो २' (२०००) मध्ये सोन्याची नाणी मोजून भाडोत्री लढवय्या मिळतो. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या पुरवणीत तर तो मेला तरी पुन्हा नाणी मोजून त्याला जिवंत करता येऊ लागले. 'स्कायरिम'मध्ये (२०११) पराक्रमाचे बक्षीस म्हणून आपल्याला लिडिया नावाची रक्षक बाई मिळते, आणि आपले ओझे वाहण्यास आपण शपथेने बांधलेल्या आहोत, असे ती स्वतःच सांगते. खेळणारे तिच्या पाठीवर अक्षरशः भंगार लादतात. जपानच्या 'ड्रॅगन्स डॉग्मा'ने (२०१२) तर आडपडदाच ठेवला नाही. तिथल्या सोबत्यांना 'पॉन' म्हणजे प्यादी म्हणतात. त्यांना स्वतःची इच्छा नसते, असे कथेतच सांगितले आहे. एक प्यादे आपण स्वतः घडवायचे, दोन इतर खेळणाऱ्यांकडून आणायची, काम झाले की शेरा मारून परत पाठवायची. गंमत म्हणजे हीच प्यादी या साऱ्या मंडळींत अधिक शहाणी आहेत. कोणता राक्षस कशाने मरतो हे ती पाहून शिकतात आणि दुसऱ्याच्या खेळात जाऊन सांगतात. ज्ञान आहे, अनुभव आहे, कष्ट आहेत. इच्छा तेवढी नाही.

हे वर्णन कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते ना? आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात पाडव्याला साल ठरते. वर्षभराचा करार, ठरलेली रक्कम, त्यावर पूर्वी ठरावीक धान्य. मग गुरांचे शेणपाणी, वखरणी, पेरणी, डवरणी, बंडी जुंपणे, आणि पीक उभे असले की रानडुकरांसाठी रात्रीची जागल. वावराची नस धन्यापेक्षा गड्याला अधिक ठाऊक असते. पण कोणत्या वावरात काय पेरायचे, हे तो ठरवत नाही. माझे आजोबा सालगडी होते आणि वडिलांनीही काही साले केली, म्हणून हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. परंतु एक फरक आहे आणि तो गड्याच्या बाजूचा आहे. पुढच्या पाडव्याला तो 'आता तुमच्याकडे राहत नाही' असे म्हणू शकतो. कर्ज, उचल, घरची अडचण यांनी त्याचे तोंड कितीही बांधलेले असो, तो 'नाही' त्याच्याजवळ शिल्लक असतो. खेळातल्या प्याद्याजवळ तेवढाही नसतो. आणि तरी त्याला सोबती म्हणायचे!

यावर कोणी म्हणेल, 'अहो, हा खेळ आहे. बुद्धिबळातल्या प्याद्याची संमती कोणी विचारतो काय?' आक्षेप रास्त वाटतो. पण बुद्धिबळातले प्यादे आपल्याशी गोड बोलत नाही. त्याला आई नसते, त्याचे गाव जळालेले नसते, रात्री शेकोटीजवळ बसून ते आपले मन मोकळे करत नाही. या खेळांचे कर्ते आपल्याकडून त्या पात्रासाठी जिव्हाळा मागतात, आपण तो देतोही. मग पात्राची मोजदाद पात्र म्हणूनच झाली पाहिजे. कादंबरीतला मित्र नायकाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत असेल, तर आपले मराठीचे प्राध्यापक त्या कादंबरीला किती गुण देतील?

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सोबती हट्टी निघाला तर खेळ खेळायचा कसा? याचे उत्तर काही खेळांनीच देऊन ठेवले आहे. 'बाल्डर्स गेट'मध्ये (१९९८) नायकाची कीर्ती पार ढासळली की सज्जन सोबती कुरकुरतात आणि शेवटी निघून जातात. ती फार वाढली की दुर्जनांना ते सोसत नाही. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये (२००९) अ‍ॅलिस्टर नावाचा योद्धा सुरुवातीपासून नायकाबरोबर असतो. ज्या सेनापतीने रणांगणात दगा देऊन त्याच्या गुरूला मरू दिले, त्याला आपण क्षमा करून पथकात घेतले, तर अ‍ॅलिस्टर सोडून जातो. खेळणाऱ्याला वाईट वाटते, राग येतो; पण पुष्कळ वर्षांनंतरही लक्षात राहतो तो अ‍ॅलिस्टर. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) हा हातघाईचा नसून पाळीपाळीचा खेळ आहे. त्यातही निरपराध लोकांच्या कत्तलीत आपण सामील झालो तर कार्लाखसारखी सोबतीण साथ सोडते. त्या वर्षी तो जगभर गाजला. तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्या सोबत्याने खेळ बिघडतो, हे म्हणणे टिकत नाही. उणीव आहे ती इतकीच की, या खेळांतही मर्जी अनेकदा आकड्यांत मोजली जाते, आणि 'ड्रॅगन एज'मध्ये तर ती भेटवस्तू देऊन वाढवता येते. रुसलेल्या गड्याला नवे धोतर घेऊन देण्याचाच हा प्रकार.

सोबती म्हणजे काय, हे समजून घ्यायला वर्ध्याच्या माणसाला फार दूर जावे लागू नये. जून १९४० मध्ये, फ्रान्सचा पाडाव झालेला असताना, काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात बसली होती. परकीय आक्रमण आणि अंतर्गत बंडाळी यांच्यासमोरही देशाने पूर्ण अहिंसा पाळावी, असा गांधीजींचा आग्रह होता. राजाजी, सरदार पटेल यांच्यासारखे जुने सहकारी समोर होते. या मंडळींनी गांधीजींना त्यांच्या अंगणात येऊन सांगितले की, इतक्या दूरपर्यंत आम्ही तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. तुम्ही तुमच्या वाटेने जाण्यास मोकळे आहात. तसा ठरावच झाला. उलट खान अब्दुल गफारखान यांना हे पटले नाही. त्यांनी जुलैमध्ये कार्यकारिणीचाच राजीनामा दिला. सप्टेंबरात काँग्रेसने पुन्हा गांधीजींकडे नेतृत्व सोपवले, आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी पहिला वैयक्तिक सत्याग्रह केला. चार महिन्यांत सोबत सुटली, दुरावा आला, पुन्हा जुळली. 'ए-स्टार'च्या हिशेबात न बसणारी ही वाट आहे, कारण इथे चालणारा प्रत्येक जण स्वतःच्या पायांनी चालत होता. राजाजी आणि सरदार प्रत्येक वेळी 'हो' म्हणणारे असते, तर गांधीजींना अनुयायी मिळाले असते. सहकारी मिळाले नसते.

आपल्या लोककलेनेही हे ओळखले आहे. तमाशातल्या वगात राजा कितीही मोठा असो, त्याच्या शेजारी सोंगाड्या उभा असतो आणि तो राजाच्या तोंडावर राजाची फजिती करतो. प्रेक्षकांचा जीव पुष्कळदा राजापेक्षा त्याच्यावरच जडतो. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ जगापुढे आणला. त्यात राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी बोलत राहतात, पण लढायचे तिला एकटीलाच. महाराष्ट्रात घडलेल्या या खेळाचा मला अभिमान वाटतो. उद्या इथल्या एखाद्या खेळात नायिकेला सोबती द्यायचा झाला, तर तो परदेशी धर्तीचा ओझेवाला नसावा. आपल्याजवळ सोंगाड्या आहे. ओढ्याचे पाणी कधी चढते हे ओळखून 'आज ओलांडायचे नाही' असे धन्याला बजावणारा गडी आहे. ही पात्रे लिहायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ते काम कला शाखेचे आहे, म्हणजे आपले आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. आता संगणक स्वतः वाक्ये जुळवून बोलू लागला आहे, आणि आधी लिहून न ठेवलेले संवाद बोलणारे सोबती खेळांत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहतात. रात्री बोलायला कोणी नसते, तेव्हा कधीही न कंटाळणारा आणि कधीही न रागावणारा सोबती कोणाला नको आहे? पण आपल्या भाषेत अशा माणसाला एक शब्द आहे : होयबा. पुढाऱ्याभोवती होयबा जमले की त्या पुढाऱ्याचे काय होते, ते आपण पाहतोच. घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलाला तर होयबा मुळीच परवडत नाही. त्याच्या घरी अभ्यासातली चूक दाखवणारे कोणी नसते. ती दाखवतो तो वर्गातला मित्र, प्रसंगी भांडून. त्या भांडणाची सवय मोडली, तर पुढे कोणाचे 'नाही' ऐकून घेण्याची ताकदच आपल्यात उरणार नाही.

म्हणून खेळू नका, असे मी म्हणत नाही, मीही खेळतो. माझे सांगणे एवढेच की, पुढच्या खेळात सोबती भेटला की त्याची तलवार किती धारेची आहे हे पाहण्याआधी, तो आपल्याला सोडून जाऊ शकतो काय, ते पाहावे. जाऊ शकत असेल आणि तरीही थांबला असेल, तर त्याला खुशाल सोबती म्हणावे. नसेल, तर निदान त्याच्या पाठीवरचे ओझे थोडे कमी करावे.