उजेड कुणासाठी मोजायचा?

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायकांची पाहणी करताना घडलेली ही गोष्ट. एक अक्का मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या, कारण घरात उजेड तेवढाच. मी खोलीच्या आतून फोटो काढला. बाहेरचं ऊन, समोरची भिंत छान आली. अक्का मात्र काळ्याठिक्कर. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "ह्यात मी कुठाय ताई? नुसती सावलीच की!"

मी काय केलं? त्यांना अंगणात उभं केलं, हसायला सांगितलं आणि तोच फोटो अहवालात छापला. त्यात सूप नव्हतं, पानं नव्हती, ती कोंदट खोली नव्हती. 1966च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं होतं. आमच्या फोटोने मात्र तिची कामाची जागाच पुसून टाकली.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हांला मुलाखत घ्यायला शिकवलं, कॅमेरा धरायला नाही. म्हणून वयाच्या पस्तिशीत 'हाय डायनॅमिक रेंज' म्हणजे एचडीआर छायाचित्रण शिकायला घेतलं. नाव मोठं असलं तरी गोष्ट साधी आहे. आपल्या डोळ्याला ऊनही दिसतं आणि कोपराही. कॅमेऱ्याला एका वेळी एवढा फरक पेलत नाही. त्याचा मीटर समोरच्या साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करडी धरतो. दारातून ऊन आलं की ते सरासरीवर हावी होतं आणि आतली बाई काळोखात जाते. सरासरीत बाई हरवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही!

उपाय असा: कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे. मधल्याला सेकंदाचा पंधरावा भाग दिला, तर उन्हासाठी साठावा आणि आतल्या अंधारासाठी चौथा. बाकी काही हलवायचं नाही. मग संगणकावर तिन्ही एकत्र करायचे. कल्पना जुनीच आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850च्या दशकात आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एका चित्रात जोडले होते.

सुरुवातीला माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली, तीन फोटोंच्या दरम्यान विडी वळणारे हात हलले आणि जोडल्यावर भुतासारखे दुहेरी दिसले. काम करणारी बाई थांबत नाही. तिला 'हलू नका' म्हणणं म्हणजे पुन्हा काम थांबवणंच. आता मी हातांचा भाग एकाच फोटोतून घेते. दुसरी चूक अधिक वाईट. संगणकावर खटके ओढत गेले, तशी प्रत्येक सुरकुती, भिंतीचा प्रत्येक पोपडा नाटकासारखा उठून दिसू लागला. गरिबीची अशी रोषणाई आपल्याला नको.

"हल्ली फोन हे आपोआप करतो की," असं कुणी म्हणेल. करतो, आणि बरेच फोन त्याबरोबर चेहरा गुळगुळीत आणि उजळही करून टाकतात. पूर्वी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्डं' असत. त्यांवर बरीच वर्षं गोरी बाईच होती. तिची कातडी हेच प्रमाण. म्हणजे उजेडाचं माप आपोआप ठरत नाही, ते कुणीतरी ठरवतं. आपण शिकलो नाही, तर दुसरं कुणीतरी ठरवणारच.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक गटातल्या निदान दोघींनी हे शिकावं. महागडा कॅमेरा लागत नाही. उजेड हाताने कमीजास्त करता येणारा साधा कॅमेरा, तिकाटणं आणि धीर पुरे.

मागच्या महिन्यात अक्कांकडे पुन्हा गेले. या वेळी त्या, सूप, पानं, मागची खोली, सगळं आलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोरीवरची लुगडी काढते, मग घे परत." मी थांबले. घराच्या आतपर्यंत उजेड न्यायचा, तर आत काय दिसावं हे त्या घरातल्या बाईला आधी विचारलं पाहिजे. हे मात्र कुठलाच कॅमेरा शिकवत नाही.