संघबांधणीत वृत्तीचे मोल किती?

नसरापूर : खेळाडूचे कौशल्य पाहावे की वृत्ती, हा गावच्या कबड्डी संघालाही पडणारा प्रश्न पुणेरी पलटणलाही चुकलेला नाही. २०२३ च्या लिलावात पलटणने प्रतिस्पर्ध्यांना डिवचणाऱ्या इराणच्या महम्मदरझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली संघाने प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद पटकावले. पुढील हंगामात शादलुई हरियाना स्टीलर्सकडे गेला. हरियाना विजेता ठरला, पलटण बाद फेरीबाहेर राहिली. मात्र २०२५ मध्ये त्याच्याविनाही पलटणने अंतिम फेरी गाठली. त्याच हंगामात तमिळ थलैवाजने शिस्तीच्या कारणावरून पवन सेहरावतला घरी पाठविले. त्याने आरोप नाकारला. आक्रमकता संघाला पेलते, दुरावलेला विश्वास पेलत नाही. ही सीमारेषा बोली लावण्यापूर्वीच आखणे, हीच व्यवस्थापनाची कसोटी आहे.