बारा खुकऱ्या आणि एक बोथट विळी

ज्या घरात बारा खुकऱ्या भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि स्वयंपाकघरातल्या विळीवर टोमॅटो चिरला न जाता चेंगरतो, त्या घराच्या मालकाला मी पात्यांचा शौकीन म्हणायला तयार नाही. हे वाक्य मी आमच्या माकणीच्या मंडळीत उच्चारले, त्या दिवसापासून दोन गृहस्थांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. ते एका परीने बरेच झाले. मध्येच न बोलता आता ते माझे म्हणणे वाचतील तरी!

मंडळी म्हणजे आम्ही सहा जण. एक निवृत्त सुभेदार, एक मास्तर, एक खतांचे दुकानदार, एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक वकील आणि मी. नेपाळी हातघडणीच्या खुकऱ्या जमवायच्या, त्यांना धार लावायची आणि रविवारी संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांच्या धारेला नावे ठेवायची, हा आमचा उद्योग. तेरणेच्या धरणाकाठच्या या गावात हे नेपाळी खूळ शिरले कोठून, असे कोणी विचारील. सुभेदारांच्या ट्रंकेतून शिरले. त्यांनी एकदा आपली खुकरी म्यानातून काढून दाखविली, आणि जत्रेतल्या पिपाणीमागे पोरे लागावीत तसे आम्ही पाच प्रौढ पुरुष तिच्यामागे लागलो.

खुकरी आहेच तशी. पुढे झुकलेले, पोटाशी रुंदावलेले ते पाते हातात घेतले की त्याचे वजन आपण होऊन घावाच्या जागी जाऊन बसते; मनगटाला जोर करावा लागत नाही. पुष्कळदा ती ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडविलेली असते. भोजपूर-धरानकडचे कारागीर तो पाटा कोळशात लाल करतात, घणाने ठोकतात, आणि शेवटी खरी कसोटी येते ती पाणी देण्याची. सगळे पाते पाण्यात बुडवीत नाहीत. किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या धारेवरून फिरवितात. त्यामुळे धारेचा काठ कडक होतो आणि पाठ मऊ राहते. कडक काठ कापतो, मऊ पाठ घाव सोसते. घरात माणसेही अशी दोन्ही प्रकारची असावी लागतात, पण तो विषय वेगळा.

म्यानात तिच्या पाठीशी दोन पिल्ले असतात. एक ‘कर्दा’, म्हणजे लहानशी सुरी. दुसरी ‘चकमक’, म्हणजे बिनधारेची कडक पट्टी. चकमकीने धार निघत नाही, वळलेली धार सरळ होते. खरी धार दगडावरच निघते, आणि खुकरीची धार काढणे हे काम चिकाटीचे आहे. पाते आतल्या अंगाला वळलेले असल्यामुळे रुंद सपाट दगड तेथे पोहोचतच नाही. अरुंद, गोल कडेचा दगड पाण्याने भिजवून मुठीकडून टोकाकडे न्यावा लागतो. दुसऱ्या अंगाला बोटाला बारीक खरखर लागू लागली की समजावे, काठ उलटला. मग पाते पालटायचे. उतावळा माणूस ते विजेच्या चाकावर धरतो. ठिणग्या छान उडतात, पण काठावर निळी झाक आली की कारागिराने दिलेले पाणी उतरले म्हणून समजा.

इतके सगळे आमच्या मंडळीला पाठ आहे. माझी तक्रार अज्ञानाची नाही. या ज्ञानाचा मुक्काम भिंतीवर पडला आहे, ही माझी तक्रार आहे.

आमचे दोन-दोन रविवार कशात जातात? खुकरीच्या मुठीजवळ जी खाच असते, ती कशासाठी, या वादात. मास्तर म्हणतात, तो शंकराचा त्रिशूळ. वकीलसाहेब म्हणतात, गाईचे खूर. दुकानदारांच्या मते शत्रूचे रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून ती सोय. रक्ताचा उल्लेख झाला की सर्वांचे चेहरे उजळतात. मग ती जुनी कथा निघते, की खुकरी एकदा म्यानाबाहेर आली म्हणजे रक्त चाखल्यावाचून परत जात नाही. अहो, नेपाळच्या डोंगरात रोज सकाळी घरोघर खुकरी म्यानाबाहेर येते! तिने लाकूड फोडतात, गुरांचा पाला तोडतात, भाजी चिरतात, बोकडाचे मटण तोडतात. प्रत्येक वेळी रक्त मागू लागली, तर भोपळा चिरणाऱ्या बाईने काय करावे? १८१४ ते १८१६ या काळात गोरख्यांशी लढताना इंग्रजांनी या पात्याची धास्ती घेतली आणि मग त्याच गोरख्यांना आपल्या पलटणीत घेतले. तेव्हापासून परक्यांच्या बोलण्यात या हत्याराचे निव्वळ शस्त्र होत गेले, आणि आपण ते परक्याचे बोलणे उसने घेऊन बसलो.

सुभेदारांना हे रुचत नाही. ‘खुकरी म्हणजे पलटणीची इज्जत, तुम्ही तिला विळीच्या पंक्तीला बसवता,’ असे ते म्हणाले. मी त्यांना इतकेच विचारले, ‘सुभेदारसाहेब, मुक्कामाला झाडोरा तोडायला आणि चुलीला लाकूड फोडायला गोरखे जवान काय वापरीत?’ ते हसले. प्रामाणिक माणूस आहे, म्हणाले, ‘खुकरीच.’

वकीलसाहेबांनी कायदा काढला. बरे झाले काढला. शस्त्रांच्या आपल्या नियमांत खुकरीचा नाव घेऊन उल्लेख आहे. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्रात जमा. पण त्याच नियमात घरकामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी घडविलेली पाती वगळलेली आहेत. म्हणजे कायद्यालाही केवळ पात्याची लांबी पुरत नाही; ते कशासाठी घडविले, हे तो विचारतो. आमचे शौकीन मात्र कामाच्या पात्याकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि शोभेच्या शस्त्रापुढे उदबत्ती लावतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. येथवर मी भीड ठेवली होती.

आमच्या तालुक्याचे नाव लोहारा. या नावाचा उगम काय असेल तो असो, पण अशा नावाच्या तालुक्यात बसून आम्ही हजारो रुपये मोजून नेपाळचे पाते मागवितो, आणि गावाबाहेर घिसाड्यांची पाले पडली की तीनशे रुपयांच्या कोयत्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो. घिसाडी काय करतो, हे आमच्यापैकी किती जणांनी उभे राहून पाहिले आहे? जमिनीत लहानशी भट्टी, भात्यावर पोर, ऐरणीपाशी सांडशीत तापलेले लोखंड धरून बसलेला पुरुष, आणि उभी राहून घण मारणारी त्याची बायको. होय, घण बाई मारते. नवरा हातोडीने जागा दाखवितो आणि त्याच जागी तिचा घण पडतो. एक बोटभर इकडे-तिकडे नाही. लोखंड? तेच, ट्रकच्या कमानीचा पाटा. पाणी? तेही तसेच, पात्याचा काठ तेवढा बुडवायचा. मग घासून पांढऱ्या केलेल्या काठावर रंग चढताना पाहायचा. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पाहिजे त्या रंगाला तो पाते पुन्हा पाण्यात घालतो. हे सगळे डोळ्यांच्या अंदाजाने, लिंबाच्या सावलीत, पुढे कोयत्यासाठी ताटकळलेले गिऱ्हाईक ‘उरक की लवकर’ म्हणत असताना.

भोजपूरच्या कारागिराची किटली हे आम्हांला गूढ शास्त्र वाटते, आणि पालापुढच्या घमेल्यातले पाणी म्हणजे नुसते घमेल्यातले पाणी. हा भेद लोखंडात नाही, आमच्या नजरेत आहे.

गेल्या वर्षी दुकानदारांनी एका घिसाडणीशी कोयत्याचा भाव केला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. ती म्हणाली, ‘मालक, पाट्याचं हाय, पत्र्याचं न्हाई. वाजवून बघा.’ यांनी वाजविले. चांगला खणखणला. तरी पन्नास रुपये तोडलेच. त्याच संध्याकाळी याच गृहस्थांनी नव्या खुकरीचा आकडा आम्हांला अभिमानाने सांगितला आणि वर म्हणाले, ‘हातकामाला किंमत असतेच हो!’

आणि ज्या हातकामाची ही किंमत, ते हात कोणाचे? नेपाळात खुकरी घडविणारे ते कामी, विश्वकर्मा. जंगबहादुर राणांच्या काळात, १८५४ साली, तिकडे जो मुलुकी ऐन झाला, त्याने या लोहारांना अस्पृश्यांत बसविले होते. ज्याच्या हातचे पाते देवीपुढे मानाने चालते, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते. १९६३ च्या नव्या ऐनाने तो भेद कायद्यातून काढला. तरीही २०११ साली जातिभेद व अस्पृश्यता यांविरुद्ध निराळा कायदा करण्याची वेळ आलीच. आपण नेपाळला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे लोहार बारा बलुतेदारांत होता. खळ्यावर सुगीला उभे राहून धान्य मागून घेणे हा त्याचा हक्क म्हणायचा, आणि ते कसे मिळे हे त्याचे त्यालाच ठाऊक. घिसाड्याला तर तेवढीही जागा नाही. सरकारदप्तरी तो भटक्या जमातीत. गावच्या दृष्टीने पाल उठले की विसरायचा माणूस.

नवमीच्या दिवशी ही विसंगती फार डोळ्यांवर येते. आपल्याकडे खंडेनवमीला विळी, कोयता, कुऱ्हाड धुऊन, झेंडू वाहून पूजा करतात. नेपाळात दसैनच्या नवमीला तसेच हत्यार-अवजार पुजतात. जवळच तुळजापूर, आई भवानीने शिवरायांना तलवार दिली ही श्रद्धा आमच्या मुलांना पाळण्यातच मिळते. इतके पात्यावर प्रेम करणारे आम्ही! आणि यंदा खंडेनवमीला मी मंडळीत साधा प्रस्ताव मांडला: प्रत्येकाने घरची विळी, सुरी आणि कोयता स्वतः पाजवावा, मगच खुकरीला झेंडू वाहावा. दोन हात वर आले. एक माझा, एक सुभेदारांचा. मास्तर म्हणाले, ‘विळीचे काम बायकांचे.’ मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत; चहात साखर मात्र नव्हती.

धारेचे खरे उस्ताद पाहायचे असतील, तर तेही आमच्या डोळ्यांसमोरून दर हंगामात जातात. मराठवाड्यातून ऊस तोडायला जी माणसे कारखान्यांवर जातात, त्यांची मोजणी कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणजे येथे माणसाचे नावच पाते झाले आहे. हा माणूस फडात कानस घेऊन कोयत्याला धार देतो, कारण बोथट कोयत्याने दिवसभर ऊस तोडला तर रात्री खांदा उचलत नाही. त्याला हाताच्या केसावर धार आजमावण्याची हौस नाही. आमच्या मंडळीत तोच मोठा विधी आहे: मनगटावरचे केस उडाले की टाळ्या! अहो, खुकरी काय, कोयता काय, ही तोडायची हत्यारे. वस्तऱ्याइतका पातळ काठ केला, तर पहिल्याच बाभळीच्या गाठीवर त्याला खांडे पडतात. पण बाभळीपर्यंत नेतो कोण?

दुकानदारांचा शेवटचा युक्तिवाद असा, की हल्ली कारखान्याचा कोयता त्यांच्याच दुकानात निम्म्या किमतीत मिळतो. घिसाड्याची गरज उरली नाही, यात त्यांचा काय दोष? मी त्यांच्या दुकानातला कोयता नेला, आणि पालावरचाही नेला. बांधावरची बोरीची झुडपे दोन्हींनी तोडली. दुकानातल्याची धार दुपारपर्यंत वळली. पालावरच्याला संध्याकाळी दगडाचे आठ-दहा हात दिले. दोन्ही कोयते माझ्या ओट्यावर ठेवले आहेत. त्यांनी येऊन पाहावेत. पाले ऊसतोडीच्या आधी पुन्हा पडतील. सुभेदारांनी आपल्या विळीचे पाते नवे करायला काढून ठेवले आहे, आणि किती पैसे होतील ते विचारणार नाही, असे माझ्याजवळ कबूल केले आहे.