आज्ञा एक, नोंदी बारा

संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारा एखादा पुतण्या अगर सून आतां पुष्कळ घरांतून आढळते. त्यांच्या कामांतील एक तत्त्व वडीलधाऱ्यांसहि सहज पटेल, म्हणून तें येथें सांगतों.

लॅरी वॉल या भाषाशास्त्राच्या अभ्यासकानें १९८७ सालीं 'पर्ल' ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. आळस हा आज्ञावलीकाराचा सद्गुण होय, असें त्यानें थट्टेनें म्हटलें आहे. एकदां विचार करून पुढील श्रम वांचविणारा आळस त्याला अभिप्रेत आहे.

या भाषेंत एका नांवाखालीं अनेक नोंदी ओळीनें ठेवितां येतात. त्या मांडणीस 'ॲरे' म्हणतात. समजा, चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांच्या घरखर्चाचे आंकडे तींत ठेविले आहेत. नवशिका बेरजेसाठीं 'पहिला मिळव, दुसरा मिळव' अशा बारा ओळी लिहितो. उत्तर बरोबर येतें. पण पुढें अधिक महिना आला, कीं तेराव्या ओळीचें स्मरण कोणी ठेवावयाचें?

येथें 'लूप' म्हणजे आवर्तन कामीं येतें. आज्ञा एकदांच लिहावयाची व ती प्रत्येक नोंदीस लावावयाची. परंतु पर्लमध्यें नोंदींचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. जो एकापासून बारापर्यंत मोजील, त्याच्या बेरजेंतून चैत्र गळतो आणि शेवटीं नसलेली नोंद शून्य म्हणून धरली जाते. इशारे देण्याची आज्ञा आरंभीं लिहिलेली नसेल, तर पर्ल चकार शब्द काढीत नाहीं, व चुकीची बेरीजच खरी म्हणून चालते.

म्हणून जाणते लोक क्रमांक न मोजतां 'फॉरईच' हें आवर्तन वापरतात. जपमाळ बोटांखालून सरकते व मेरुमणि आला कीं थांबावयाचें, हें आपणांस ठाऊकच आहे. तसेंच हें आवर्तन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत आपोआप जातें. मग नोंदी बारा असोत वा तेरा.

सावधगिरी एकच. आवर्तनांत हातीं येणारी नोंद नक्कल नसून मूळच असते. तिची दुप्पट केली, तर ॲरेंतील आंकडाच दुप्पट होतो. मूळ हिशेब जपावयाचा असेल, तर नोंद आधीं निराळ्या नांवाखालीं उतरून घ्यावी.

बारा ओळी लिहिण्याची चिकाटी स्तुत्य खरी. पण नियम बदलला, कीं बारा ठिकाणें शोधावीं लागतात, आणि त्यांतलें एक राहून गेलें तर तें लवकर दिसत नाहीं. तेव्हां घरांतील शिकाऊ मुलास एवढेंच विचारावें: "हीच ओळ तूं दुसऱ्यांदां कां लिहितोस?"